लाकडाचं विमान मोडत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. म्हणजे खरं तर सगळेच विचारतात, दूधवाला विचारतो, मामेबहिणीच्या सासरचे विचारतात, पॉलिटेक्निकमधली माझी पोरं विचारतात, आणि गॅस सिलिंडर घेऊन येणारा दादा तर दर महिन्याला विचारतो कारण त्याला ओसरीतून वाकून आत जावं लागतं, मधे सात मीटरचा पंख आडवा आहे ना. प्रश्न एकच, "ताई, लाकडाचं विमान? मोडत नाही का?" मी दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि मागून वाटत राहतं की नीट सांगितलं नाही. म्हणून आज सगळं सांगते.

आधी काम कुठवर आलंय ते. विमानाचं नाव जोडेल डी-९. एकाच माणसाचं, छोटं. एदुआर जोली आणि जाँ देलेमोंतेझ या दोन फ्रेंच माणसांनी काढलेलं, दोघांच्या आडनावांची सुरुवात जोडून जोडेल, आणि पहिल्यांदा उडालं जानेवारी १९४८ मध्ये. याचे नुसते नकाशे मिळतात, बाकी करवत आपली, रंधा आपला, वेळ आपला. पंखाचा जो मुख्य कणा असतो, स्पार म्हणतात त्याला, तो या विमानात मधे कुठेही न तुटता या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग लाकडी पेटीच असते, मधला भाग सपाट आणि दोन्ही टोकं वर वळलेली. त्यामुळे सात मीटर सरळ जागा लागते आणि ती आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याच्या ओसरीत आहे. हा चौथा हिवाळा. पंखाचं लाकूडकाम झालंय, कापड चढवायचंय, बॉडीची चौकट उभी आहे, इंजिन अजून घेतलेलं नाही. म्हणजे माझं विमान उडालेलं नाही हे आधीच सांगते. मी उडलेय ते माझ्या मावसभावाच्या विमानात, त्याबद्दल पुढे.

आता लाकूड. नागपूरच्या माणसाला लाकूड म्हटलं की सागवान, आणि त्यात चूक काही नाही, बल्लारशाचं सागवान आपल्या दारातलं आहे. मी लकडगंजमध्ये क्लॅम्प शोधत फिरत होते तेव्हा एका वखारीतल्या मिस्त्रीकाकांना माझ्याकडच्या स्प्रूसचा, म्हणजे विमानासाठी वापरतात त्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा, तुकडा दाखवला, तर ते म्हणाले, "ताई, सागवान सोडून हे कायचं पांढरं लाकूड घेऊन राहिल्या तुम्ही? हे तर पेटीचं लाकूड आहे." त्यांचं म्हणणं दारं-खिडक्यांसाठी शंभर टक्के खरं. पण विमानाचं गणित वजनावर चालतं. एक घनमीटर सागवान साधारण साडेसहाशे किलो भरतं, सिटका स्प्रूस सव्वाचारशेच्या आसपास. सागवान मजबूत आहेच, पण किलोमागे किती ताठपणा मिळतो ते पाहिलं तर स्प्रूस बरंच पुढे जातं. आणि दुसरी गोष्ट, सागवानात तेल असतं, ज्या तेलामुळे त्याला वाळवी लागत नाही त्याच तेलामुळे गोंद नीट धरत नाही. विमान सगळं गोंदावरच उभं असतं, त्यातले बारीक खिळे मुख्यतः गोंद वाळेपर्यंत धरून ठेवायला. मिस्त्रीकाकांनी हे सगळं ऐकून घेतलं, तुकडा नखाने दाबून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, रेषा मात्र सरळ आहेत याच्या.

त्या रेषा हीच तर सगळी गोष्ट आहे. माझे बाबा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना करतात ना, ते काम. त्यांनी मला लहानपणी एक गोष्ट शिकवली होती जी मी तीस वर्षं विसरून गेले होते. रंधा मारलेल्या फळीवर शाईच्या पेनाने एक थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. शाई गोल पसरत नाही, ती लाकडाच्या तंतूंतून लांब धावते, आणि ती ज्या दिशेने धावते तीच लाकडाची खरी दिशा, वरून दिसणाऱ्या सुंदर रेघा कधी कधी फसवतात. विमानाच्या लाकडाचा नियम असा की पंधरा इंच लांबीत रेषा एका इंचापेक्षा जास्त कलता कामा नये. माझ्या पहिल्या सहा फळ्यांवर मी शाई सोडली तर दोन फळ्यांवर ती भरकन तिरकी कडेला निघून गेली. दिसायला त्या दोन सगळ्यात छान होत्या. त्यांची आता पुस्तकांची फडताळं झालीयत. बाबा आज असते तर त्यांनी त्या फळ्या वखारीतच बाजूला काढल्या असत्या, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

लाकडाचं विमान म्हणजे काही जुगाड नाही हेही सांगायला हवं. १९०३ साली राइट बंधूंचं विमान उडालं तेच मुळात स्प्रूसचं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो, दोन इंजिनांचं, त्या काळातल्या सगळ्यात वेगवान विमानांपैकी एक, ते बर्च प्लाय आणि बाल्सा लाकडाचं होतं, नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा उडालं. पण त्याच मॉस्किटोची दुसरी गोष्ट आपल्या इथली आहे आणि मी ती काम करताना सारखी आठवते. १९४४ मध्ये भारतात असलेल्या काही मॉस्किटोंचे जोड सुटले, अपघात झाले, माणसं गेली, विमानं उडवणं थांबवून तपासणी करावी लागली. दोष इथल्या हवेचा की कारखान्यातल्या जोडणीचा यावर बराच वाद झाला आणि शेवटी दोष मुख्यतः कारखान्यातल्या जोडणीचाच निघाला. म्हणजे तुमचा प्रश्न, मोडत नाही का, हा अगदी योग्य प्रश्न आहे. लाकूड क्वचित दगा देतं. जोड दगा देतो, आणि जोडाला हवामानही बिघडवतं.

आणि नागपूरचं हवामान तर तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की उघड्यावर ठेवलेल्या लाकडातलं पाणी चार-पाच टक्क्यांवर येतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड हवेतलं पाणी पिऊन सतरा-अठरा टक्क्यांवर जातं. विमानाच्या लाकडात साधारण आठ ते बारा टक्के पाहिजे. लाकूड पाण्याने फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच, त्यामुळे एक तुकडा उभा आणि एक आडवा असा जोड मे महिन्यात केला तर ऑगस्टमध्ये तो आतल्या आत ओढाताण सुरू करतो. यावर उपाय मला आपल्याच घरातला सापडला. कूलर! उन्हाळ्यात ओसरीचं दार बंद करून कूलर लावला की आतली हवा तीस डिग्री आणि साठ टक्के दमटपणावर येते, आणि अशा हवेत लाकूड दहा टक्क्यांच्या आसपास स्थिर राहतं, म्हणजे बरोब्बर जे हवंय ते. त्यामुळे आमच्याकडे दोन वर्षं उन्हाळ्यात मोठा कूलर पंखासाठी होता आणि घरातली माणसं छोट्या कूलरपुढे झोपायची, आई काही बोलली नाही, फक्त रात्री एकदा उठून टाकीत पाणी आहे ना ते बघून यायची. पावसाळ्यात मात्र मी गोंदाला हातच लावत नाही, तेव्हा धातूच्या फिटिंग्ज, केबल, कागदपत्रं. गोंदाचं काम दिवाळी ते होळी.

आता मुख्य गोष्ट, जी दारात उभं राहून सांगता येत नाही.

गोंद म्हणजे दोन भागांचं इपॉक्सी, दोन्ही भाग मी इतवारीतून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर मोजते. सुतारकामाचा पांढरा गोंद का नाही असं विचारतात, तर तो सतत ताण राहिला की हळूहळू सरकतो, खुर्चीत चालतं, पंखात नाही. दर वेळी गोंद कालवला की त्याच गोंदाने, त्याच लाकडाचे दोन-तीन छोटे तुकडेही चिकटवायचे, त्यावर पेन्सिलने तारीख, बॅच नंबर, तापमान आणि दमटपणा लिहायचा, आठवडाभर ठेवायचे, आणि मग व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून हातोडीने मोडायचे. मोडल्यावर बघायचं की काय फाटलं. लाकूड फाटलं आणि दोन्ही तोंडांवर लाकडाची लव दिसली तर जोड लाकडापेक्षा मजबूत, पास. जोडावरच उकललं आणि काचेसारखं गुळगुळीत दिसलं तर त्या बॅचने विमानात जे जे चिकटवलंय ते सगळं काढायचं. माझ्याकडे संत्र्याच्या दोन पेट्या भरून असे मोडलेले तुकडे आहेत.

बॅच ४१ गुळगुळीत निघाली. दुसऱ्या वर्षीचा मे महिना होता, चार रिब म्हणजे पंखाच्या फासळ्या चिकटवायच्या राहिल्या होत्या, होळीनंतर थांबायला हवं होतं पण हात चालू होता म्हणून थांबले नाही. दुपारी कूलरची मोटर जळली, ओसरी बघता बघता एकेचाळीस डिग्रीवर गेली, आणि मी गोंद कालवून प्लायच्या सगळ्या पट्ट्यांवर आधीच लावून ठेवला होता. इपॉक्सीचं असं आहे की तापमान दहा डिग्री वाढलं की काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. मी क्लॅम्प आवळेपर्यंत गोंद आतून धरायला लागला होता. वरून काहीही कळत नव्हतं. त्या चार फासळ्या बाकीच्यांशेजारी ठेवल्या तर मला स्वतःला ओळखू आल्या नसत्या, तितक्याच सुबक, तितक्याच कडक. आठवड्याने तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि पहिल्याच ठोक्यात तो पुस्तक उघडावं तसा उघडला. दुसरा तुकडा, तसाच. मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मग करवतीने चारही फासळ्या कापल्या, आठ संध्याकाळींचं काम होतं. त्या रात्री झोप लागली नाही ती काम वाया गेलं म्हणून नाही, तुकडे केले नसते तर त्या फासळ्या आज पंखात असत्या म्हणून.

तेव्हापासून बत्तीस डिग्रीच्या वर गोंद उघडत नाही.

मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो, त्याच्याकडे जोडेलचंच दोन सीटवालं विमान आहे, साठ वर्षांपेक्षा जुनं. तिकडे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन म्हणून संस्था आहे, घरी विमान बांधणाऱ्याला त्यांचा इन्स्पेक्टर मिळतो, पेटी बंद करायच्या आधी तो प्रत्येक जोड आतून बघून सही करतो. हे मला फार आवडलं, इथे मी तसंच करायचा प्रयत्न करते, प्रत्येक जोडाचा बंद करण्याआधी फोटो आणि वहीत नोंद. तर त्याच्या विमानातून आम्ही एका गवताच्या पट्टीवरून उडलो. जमिनीवर धडधड, शेपूट उचललं, आणि एकदम धडधड गेली, फक्त इंजिन. शेताच्या कडेला झाडांवरून जाताना दोन-तीन चांगले धक्के बसले आणि मी बाहेर बघायच्या ऐवजी पंखाकडेच बघत होते, वर वळलेलं टोक जागच्या जागी होतं, प्लायवर कुठे सुरकुती नाही. नंतर त्याने विमान चालवायची काठी माझ्या हातात दिली. लाकडाला धातूसारखा वारंवारच्या ताणाने थकवा येत नाही हे मी वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं, पण साठ वर्षांचा गोंद आपलं वजन पेलून धरतोय हे हाताला कळणं वेगळं.

माझ्या पंखाची परीक्षा बाकी आहे. पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या गोण्या रचायच्या. विमानाचं माझ्यासकट जास्तीत जास्त वजन ३२० किलो, त्याच्या ३.८ पट म्हणजे बाराशे किलोच्या वर भार तो पंख कायमचा वाकडा न होता पेलला पाहिजे. गोण्या सांगून ठेवल्यात.

परवानगीचंही विचारतात. मुंबईच्या अमोल यादव यांचं नाव सगळे घेतात, त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, त्यांचं मोठं, धातूचं, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उडवून बघायची परवानगी २०१९ मध्ये. म्हणजे वाट आहे, लांब आहे. माझीही फाईल डीजीसीएकडे, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याकडे, जाईल, आणि पहिलं उड्डाण सोनेगावला नसेल हे नक्की, तो आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. जिथे असेल तिथे थंडीतल्या सकाळी असेल. पंचेचाळीस डिग्रीत नागपूरची हवा विमानाला दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ लागते, म्हणजे चिखलदऱ्याच्याही वर, आणि छोट्या इंजिनाला ते फार होतं. रंग पांढरा असेल, कारण गडद रंग उन्हात तापतो आणि इपॉक्सी तापलं की मऊ पडतं. लेकीला लाल हवा होता. शेपटीवर एक पट्टा देईन.

मागच्या आठवड्यात गॅसवाल्या दादाने परत विचारलं. या वेळी मी त्याला सिलिंडर खाली ठेवायला लावलं, बॅच ६८ चा तुकडा व्हाइसमध्ये आवळला आणि हातोडी त्याच्या हातात दिली. त्याने आधी हळूच मारलं, मग जोरात, मग शर्टाच्या बाह्या वर करून. चौथ्या ठोक्याला तुटला. त्याने दोन्ही तुकडे उचलून उजेडात धरले, अंगठा फिरवला, म्हणाला, "हे तर लाकूडच फाटलं ना ताई, चिकटवलेलं तर तसंच आहे." मी तारीख लिहून तुकडे पेटीत टाकले. त्याने सिलिंडर खांद्यावर घेतलं, पंखाखालून वाकून आत गेला, आणि आतून आईला ओरडून सांगत होता की आज मी विमान तोडून पाहिलं.