गारपिटीनंतर ६८ दिवस: आंबा, मोसंबी आणि कडुलिंब

जालना जिल्ह्यातलं आमचं परस. यंदाच्या फेब्रुवारीतल्या गारांनी झोडपलेल्या तीन झाडांची ही नोंद.

कडुलिंबाचं फार सांगण्यासारखं नाही. तो त्या दिवसांत पानं गाळतोच. चैत्रात पालवला आणि बसलेला मार झाकून गेला.

जीव अडकला तो केशर आंब्यात. पश्चिमेकडच्या फांद्यांची साल वरच्या अंगानं जागोजाग फुटली होती. ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीनंतर मी इथंच चुकलो. मोडकं दिसेल ते आठवड्यात छाटलं, झाड बोडकं केलं. एप्रिलच्या उन्हात उघड्या खोडाची साल करपली आणि निम्मं झाड वाळलं. अजून डोळ्यांसमोरून जात नाही ते.

म्हणून यंदा लोंबकळणारं तेवढंच उतरवलं. आधी खालून चीर, मग थोडं पुढं वरून काप, म्हणजे फांदी साल ओढत खाली येत नाही. उरलेलं टोक काढताना फांदीच्या मुळाशी असलेलं फुगीर कडं राखलं. जखमेवर नवी साल तिथूनच चढते. खोडाला चुना फासला, आळ्यात उसाचं पाचट अंथरलं आणि थांबलो. शेजारचे तात्या म्हणाले होते, "घाई करू नगस. झाडच सांगंल कुठवर जित्तं हाय ते." सहाव्या आठवड्यात तांबूस फुटवे निघाले. त्यांच्या वरचं वाळलेलं काल कापलं.

मोसंबीला मात्र थांबून चालत नाही, जखमेतून डिंक्या शिरतो, म्हणजे सालीतून डिंक गाळणारा बुरशीचा रोग. दुसऱ्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे जखमेवर लावायचा बुरशीनाशक लेप, केली: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एकूण पाणी १ लिटर. दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र केलं. घासलेला विळा बुडवला तर पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे चुना कमी. चुन्याची निवळी घालत गेलो, पातं स्वच्छ निघालं तेव्हा ब्रश हातात घेतला. हे पाहणं चुकवू नका, मोकळं मोरचूद साल जाळतं. कलमाच्या सांध्याखालून काटेरी फुटवे आले, ते खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर मोसंबीचं कलम बांधलंय त्याचे. कोवळे असतानाच मोडले. मोसंबीचा यंदाचा आंबिया बहार (हिवाळा सरताना येणारा फुलोरा) गेला, पण झाड हिरवं आहे.

आंब्याची एक फांदी अजून गप्प आहे. नखानं खरवडली तर आत हिरवी लागते. पाऊस पडेपर्यंत तिला हात लावणार नाही.