तुम्ही विचारलंत म्हणून: माकडाच्या पिंजऱ्यात दांडी लावून काय होतं?

मी पशुवैद्य आहे आणि बरीच वर्षं अमेरिकेतल्या एका संशोधन केंद्रात माकडांची देखभाल केली, हे कळलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. मग प्रश्न येतो. लग्नाच्या पंगतीत आलाय, व्याख्यानानंतरही आलाय. "शेवटी प्रयोगच करायचे ना त्यांच्यावर? मग पिंजऱ्यात दांड्या आणि खेळणी टाकून काय साधतं? त्यापेक्षा सोडून का देत नाही?"

प्रश्न रास्त आहे, पण उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. म्हणून लिहितेय.

आधी पिंजरा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकी नियमांनुसार तीन ते दहा किलो वजनाच्या माकडाला किमान ४.३ चौरस फूट जागा आणि ३० इंच उंची मिळायला हवी. म्हणजे दोन फूट रुंद, दोन फुटांहून थोडा जास्त खोल आणि अडीच फूट उंच असा एक खोका. त्यात राहणारं जनावर म्हणजे बहुतेकदा ऱ्हिसस, उत्तर भारतात देवळांपाशी आणि रेल्वे स्टेशनांवर दिसणारं लाल तोंडाचं माकड. ते टोळीत जन्मतं. मादी तर आयुष्यभर आई, बहिणी, मावश्यांच्याच टोळीत राहते. धोका दिसला की ते वर पळतं, रात्री उंचावर झोपतं, आणि दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात घालवतं. खोक्यात यातलं काहीच उरत नाही.

अशा पिंजऱ्यात वर्षानुवर्षं एकटं ठेवलेलं माकड काय करतं, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. काही त्याच त्या वाटेने गोल गोल फिरतात. काही स्वतःचे केस उपटून अंग उघडं करतात. काही स्वतःलाच चावतात. मी सांभाळलेला एक नर अनोळखी माणूस खोलीत आला की आपलीच पोटरी तोंडात धरायचा आणि नजर मात्र त्या माणसावर रोखलेली असायची. जखम शिवणं हे माझं काम. पण तीच जखम पुन्हा शिवायची वेळ आली की टाक्यांनी काही होणार नाही, हे कळतं.

हे जगाला ठाऊक नव्हतं असं नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये ऱ्हिसस पिल्लांवरचे आपले प्रयोग मांडले. पिल्लांना खऱ्या आईऐवजी दोन बनावट 'आया' दिल्या होत्या. तारेच्या 'आई'कडे दुधाची बाटली होती, तरी पिल्लं दिवसातला बहुतेक वेळ मऊ कापडाच्या 'आई'ला बिलगून काढायची. पुढे त्यांनी पिल्लांना पूर्ण एकांतात वाढवलं आणि ती कशी कोलमडतात तेही दाखवलं. त्या पिल्लांनी मोजलेली किंमत मला आजही असह्य वाटते. आणि एवढी किंमत देऊन मिळालेलं ज्ञान माकडांच्या पिंजऱ्यापर्यंत पोचायला किती काळ लागला! माकडांच्या मानसिक स्वास्थ्याला पोषक परिसर हवा, ही अट अमेरिकेच्या कायद्यात १९८५ साली आली आणि तिचे नियम १९९१ मध्ये लागू झाले.

त्या पिंजऱ्यांशी आपलंही नातं आहे. १९५०च्या दशकात पोलिओची लस ऱ्हिससच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार व्हायची, आणि त्यासाठी भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडं परदेशी जात. मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ मध्ये ही निर्यात बंद केली. माकडं फक्त वैद्यकीय संशोधनासाठी देण्याचं ठरलं असताना ती किरणोत्साराच्या लष्करी चाचण्यांत वापरली गेल्याचं उघड झालं होतं.

आता दांडीकडे येते. खरं तर दांडीच्याही आधी जोडीकडे, कारण माकडाला सगळ्यात जास्त गरज असते ती दुसऱ्या माकडाची.

पूर्वी सर्रास सांगितलं जायचं की मोठी झालेली ऱ्हिसस माकडं एकत्र ठेवली तर एकमेकांना फाडतील. हार्लोंच्याच मॅडिसनमधल्या प्राइमेट (माकडं-वानरांच्या) संशोधन केंद्रात पुढे व्हिक्टर राइनहार्ट नावाचे पशुवैद्य आले. एकट्याने राहिलेल्या प्रौढ माकडांच्याही जोड्या लागू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांची रीत साधी, पण माकडांचं मन ओळखणारी होती. दोन माकडांना आधी मधल्या जाळीतून नुसतं एकमेकांना पाहू द्यायचं. कोण वरचढ ते ती मारामारीशिवायच ठरवतात. एक रोखून बघतं, दुसरं दात विचकून बाजूला सरकतं. हे दात विचकणं म्हणजे 'तू मोठा, मला मान्य आहे.' पाहुण्यांना ते हसू वाटतं, पण त्यात भीती असते. एवढं ठरलं की दोघांना एकाच वेळी तिसऱ्याच, दोघांनाही नव्या असलेल्या पिंजऱ्यात सोडायचं, म्हणजे 'हे माझं घर' म्हणून भांडायला कारण उरत नाही.

जोडीच्या पिंजऱ्यात मध्ये अर्धी आडोशाची भिंत घातली, तर माद्या एकमेकींच्या जवळ जास्त वेळ बसतात, असंही त्यांना दिसलं. नजरेआड होण्याची सोय असली की जवळ येणं सोपं जातं. एकत्र कुटुंबात दोन खोल्यांत संसार केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मी लावलेल्या जोड्यांत एक म्हातारी मादी होती. पाठीवरचे केस तिने पार उपटले होते. नवी सोबतीण आली तशी पहिल्याच दुपारी ही तिच्याकडे पाठ करून बसली, मान खाली घालून, 'विंचर' म्हणावं तशी. ती दुसरी एकेक केस बाजूला सारत, ओठ चुटचुट वाजवत कितीतरी वेळ तिच्या पाठीवर बोटं फिरवत राहिली. जगातलं कुठलंही खेळणं हे करू शकत नाही.

खेळण्यांचं खरं तर फार थोडक्यात उरकता येईल. चेंडूची नवलाई काही दिवसांत ओसरते. वाळक्या फांदीचा तुकडा मात्र माकडं रोज कुरतडतात, कारण तो झिजतो, बदलतो, आणि त्याला खर्चही जवळपास नाही. खाण्याची गोष्ट याहून मोठी. सकाळी वाटीत टाकलेली बिस्किटं माकड काही मिनिटांत संपवतं आणि पुढचा अख्खा दिवस रिकामा. तीच बिस्किटं जाळीआडून बोटांनी ओढून काढावी लागली की तेवढ्याच अन्नात बराच वेळ जातो. शेजारी आयती बिस्किटं ठेवली तरी माकडं जाळीतली काढत बसतात. १९८२ मध्ये चामोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ जातींच्या प्राइमेट्सच्या खोल्यांत लाकडाच्या बारीक ढलप्यांचा जाड थर घालून त्यात दाणे पेरून पाहिले. माकडं जमिनीवर उतरून दाणे वेचू लागली आणि भांडणं कमी झाली.

आणि दांडी? दांडीमुळे वर जाता येतं. पिंजरे एकावर एक दोन ओळींत रचलेले असतात. खालच्या ओळीत अंधार, आणि प्रत्येक माणूस वरून अंगावर आल्यासारखा. तिथल्या माकडाला फूटभर उंची मिळाली तरी त्याचं बसणं बदलतं.

रक्त घेण्याचंही तसंच. जुन्या पद्धतीत पिंजऱ्याची मागची भिंत पुढे ओढून माकडाला दाबून धरतात, किंवा बाहेर काढून जखडतात. रोज थोडं थोडं शिकवलं, तर तेच माकड आपणहून पाय पुढे करतं, सुई टोचू देतं आणि मनुक्यासाठी हात पसरतं. जखडून रक्त घेतलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं. त्याच्या नेहमीच्या पिंजऱ्यात, शिकवून घेतलं तर ते जवळपास हलत नाही. घाबरलेल्या जनावराचे आकडे घाबरलेलेच असतात, हा युक्तिवाद मी प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समित्यांपुढे पुष्कळदा केला, कारण तिथे तोच चालतो. तो खराही आहे. पण माझं स्वतःचं कारण त्याहून साधं आहे. प्रयोग व्हावा की नाही याचा वाद चालू राहील, आणि तो चालूच राहायला हवा. पण आजचा दिवस त्या माकडाला आजच काढायचा असतो.

सोडून का देत नाही? प्रयोगशाळेत वाढलेलं माकड रानात सोडलं तर परकी टोळी त्याला सहजी स्वीकारत नाही, उलट मारू शकते. त्याला निवारा लागतो, आणि त्याचा खर्च प्रयोगाच्या खर्चातच धरायला हवा. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समितीसुद्धा वापरानंतरचं पुनर्वसन ही जबाबदारी मानते.

२०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिनची चाचणी २० ऱ्हिसस माकडांवर झाली. ती नागपूर परिसरातल्या जंगलातून पकडून आणलेली होती. त्यानंतर लस घेतलेल्या कोट्यवधी लोकांत माझ्या घरचेही आहेत. त्यामुळे हा प्रश्न परक्या कुणाचा आहे, असं म्हणायची सोय मला नाही.

एका ठिकाणी मी पाहिलंय, पिंजऱ्यावर एक चेंडू टांगलेला आणि नोंदवहीत 'एनरिचमेंट दिलं', म्हणजे मन रमायची सोय केली, अशी खूण. आत माकड एकटंच. म्हणून कुठल्याही प्रयोगशाळेबद्दल काही विचारायची संधी तुम्हाला मिळाली, तर खेळण्यांबद्दल विचारू नका. इथे किती माकडं एकटी राहतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचं कारण काय, एवढं विचारा. उत्तर लेखी मागा.