फाटलेली कानाची पाळी शिवली आणि परत टोचली – माझा अनुभव

उजव्या कानाचं भोक सात-आठ वर्षं हळूहळू लांबत होतं, आधी ठिपक्याएवढं मग उभी चीर, आणि मी लग्नकार्यात जड झुमके घालतच राहिले, वेल लावला की भार कमी होतो म्हणून दुर्लक्ष केलं. मागच्या मे महिन्यात मावसबहिणीच्या हळदीला कडेवरच्या भाचीने झुमका ओढला आणि पाळी खालपर्यंत फाटली. रक्त फार नाही आलं, पण आरशात ते दोन तुकडे बघून रडूच फुटलं. आमच्या आजीचे दोन्ही कान असेच होते, ती कायम पदर कानावरून घ्यायची, मला लहानपणी वाटायचं की म्हातारपणी असं होतच असेल.

घरी हळद भरून पट्टी बांधली, वाटलं जुळेल. नाही जुळत. दोन्ही कडांवर आपापली कातडी येते आणि त्या वेगवेगळ्याच बऱ्या होतात. जुलैत प्लास्टिक सर्जनकडे गेले तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आधी या कडा कापून ताज्या करायच्या मगच टाके घालायचे. भुलीचं इंजेक्शन पाळीतच देतात, ते चांगलंच चरचरतं, नंतर नुसतं ओढल्यासारखं वाटतं. पाऊण तासात घरी. आठव्या दिवशी टाके काढले आणि सांगितलं की परत टोचायचं ते तीन महिन्यांनी, आणि शिवलेल्या रेषेवर नाही, तिच्या शेजारी, कारण वणाची कातडी भार धरत नाही.

त्या तीन महिन्यांत शेजारच्या वैद्यकाकांनी सुश्रुतसंहिता, म्हणजे आयुर्वेदातला शस्त्रक्रियेचा प्राचीन ग्रंथ, हातात दिली, सूत्रस्थानातला १६वा अध्याय, आणि मी अक्षरशः थक्क झाले. कान टोचणं आणि फाटलेली पाळी जोडणं एकाच अध्यायात आहे. पाळी कशी फाटली, कुठली बाजू जाड कुठली पातळ, त्याप्रमाणे जोडायचे १५ प्रकार दिलेत. जोडल्यावर मध आणि तूप लावून वर कापूस नाहीतर कापड ठेवायचं आणि दोरा फार घट्ट नाही, फार सैलही नाही असा बांधायचा. पथ्यात कानाला धक्का लागू देऊ नका, दिवसा झोपू नका, जास्त जेवू नका, आगीजवळ बसू नका, आणि फार बोलू नका हे सुद्धा! टाके असताना मी फोनवर बोलले की पाळी ठणकायची, त्यामुळे ते वाचून मला इतकं पटलं.

टोचायला ऑक्टोबरमध्ये गेले. बंदुकीने टोचायचं नाही हे मी ठरवलंच होतं, कारण त्यातला खडा बोथट असतो, तो कातडी दाबून फाडत जातो, आणि प्लॅस्टिकची बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या गरम वाफेच्या यंत्रात) घालून नीट निर्जंतुक करता येत नाही. मॅडमनी पेनाने ठिपका काढला, मग पाळीच्या मागे टॉर्च धरला, पाळी लालसर उजळली आणि आतली बारीक रेघ दिसली, ती चुकवून सुई घातली. हे अगदी त्या अध्यायात आहे! डाव्या हाताने कान ओढायचा, जिथून सूर्याचा उजेड आरपार दिसतो ती जागा बघायची आणि उजव्या हाताने हळूच सरळ टोचायचं. (मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा.) भलत्या जागी टोचलं तर ज्या शिरा दुखावतात त्यांची नावंसुद्धा आहेत, कालिका, मर्मरिका, लोहितिका. आमचा गावाकडचा सोनारही बाळाचा कान उन्हाकडे करूनच तार घालायचा, ते का ते मला आत्ता कळलं.

टायटॅनियमचा खडा घातला, कारण मला निकेल सोसत नाही, खोट्या दागिन्यांनी कायम पुरळ येतं. आई म्हणाली खोबरेल तेल लाव आणि रोज फिरव. तेल लावायची रीत जुनीच आहे, सुश्रुतातही टोचल्यावर तेलात भिजवलेली कापसाची वात घालायची आणि दर तीन दिवसांनी जरा जाड वात बदलायची असं आहे. पण माझ्या शिवलेल्या पाळीवर मला धोका नको होता, मी फक्त सलाईनने दोन वेळा पुसत होते आणि खडा अजिबात फिरवला नाही, फिरवलं की आत धरलेली नवी कातडी परत निघते. त्या कुशीवर झोपायचं नाही हे सगळ्यात अवघड गेलं. आठ आठवड्यांनी भोक कोरडं, दुखणं शून्य.

बुगडीचं पण विचारलं. मॅडम म्हणाल्या ते वरचं कूर्चेतलं, म्हणजे कानाच्या कडक भागातलं भोक, पाळीसारखं दोन महिन्यांत भरत नाही, सहा महिने ते वर्षसुद्धा लागतं, एवढ्यात नको. थांबले.

आजीच्या मोत्याच्या कुड्या, फिरकीच्या, आईने जपून ठेवल्या होत्या. आजीला त्या शेवटची कित्येक वर्षं घालताच आल्या नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्या घातल्या, दोन तास, आणि घरी आल्याबरोबर काढून डबीत ठेवल्या.