पेल्लोनपॅला प्रॉम्प्टिंग करायची वेळ आली असती तर

हौशी नाटकांना मी प्रॉम्प्टिंग करते. विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. नट थांबला की पोटात गोळा येतो, की हा पॉज आहे का गडी वाक्य विसरलाय? त्यामुळेच असेल, फिनलंडचा नट मात्ती पेल्लोनपॅ मला जितका आवडतो तितकीच त्याची धास्तीही वाटते.

फिनिश दिग्दर्शक अकी कौरिस्माकीच्या 'शॅडोज इन पॅरडाइज' या चित्रपटात (१९८६) तो पहिल्यांदा पाहिला. हेलसिंकीतला कचरागाडीवरचा कामगार निकान्डर. ओघळलेल्या मिशा, मागे चापून बसवलेले केस, कायम झोप कमी पडल्यासारखे डोळे. सुपरमार्केटातली कॅशियर इलोना त्याला आवडते. ही भूमिका काती औतिनेनची. पहिल्या भेटीत हा पठ्ठ्या तिला नेतो कुठे, तर बिंगो खेळायला! म्हणजे आपली हौजी. संध्याकाळ अर्थातच फुकट जाते. आपल्याकडच्या नटाने इथे निदान एक सुस्कारा टाकला असता. हा भुवईसुद्धा हलवत नाही. तरी कळतं सगळं.

जन्म हेलसिंकीचा, १९५१चा. १९६२ मध्ये, म्हणजे जेमतेम अकराव्या वर्षी, फिनिश रेडिओवर नट म्हणून सुरुवात. पुढे हौशी रंगभूमी, आणि १९७७ मध्ये नाट्य अकादमीतलं शिक्षण पूर्ण. मला यातलं रेडिओचंच महत्त्वाचं वाटतं. रेडिओवर नट जरा जास्त थांबला तर ऐकणारा उठून सेटला थापट्या मारतो. कुठवर थांबायचं याचा अंदाज त्याला तिथेच आला असणार. हा माझा आपला तर्क.

'ला व्ही द बोएम'मध्ये (१९९२) तो पॅरिसमधला कफल्लक अल्बेनियन चित्रकार झाला. फ्रेंच येत नव्हतं, संवाद उच्चारांवरून घोकले. युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळालं ते याच कामाला. मला मात्र त्याच्या आदल्या वर्षीचा, अमेरिकन दिग्दर्शक जिम जार्मुशच्या 'नाइट ऑन अर्थ'मधला टॅक्सीवालाच थोर वाटतो. पहाटेचं हेलसिंकी, रस्त्याकडेला बर्फ, गाडीत तीन झिंगलेले कामगार. त्यातल्या एकाची नोकरी गेलेली, त्याचं दुःख बाकीचे दोघे उगाळत असतात. मग हा आपल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट सांगतो, पत्ता सांगावा तशा आवाजात. हे बाळ जगायचं नाही, तेव्हा जीव लावायचाच नाही, असं त्याने ठरवलेलं असतं. मागे बसलेले ढसाढसा रडतात, हा नाही.

जुलै १९९५ मध्ये हृदयविकाराने गेला. वय ४४. कौरिस्माकीचा पुढचा चित्रपट, 'ड्रिफ्टिंग क्लाउड्स', त्याला डोळ्यांसमोर ठेवून ठरला होता. मग कथा बदलून मुख्य भूमिका औतिनेनला दिली. त्यात ती एका लहान मुलाच्या फोटोसमोर उभी राहते. शब्द एकही नाही. तो फोटो पेल्लोनपॅच्या लहानपणीचा आहे. हे मला नंतर कळलं आणि तेवढा प्रसंग पुन्हा लावून पाहिला.

हे सगळं डोक्यात घेऊन परवा तालमीला बसले. दुसऱ्या अंकात आमचा नायक थांबला. मी बॅटरी विझवली. वा, काय पॉज घेतलाय! पाच सेकंद. दहा. मग तो विंगेकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, झोपलात का?"