शहापूरची वाकळ आणि आजोबांची कुपने

पहाटे कोगनोळीचा नाका ओलांडला तेव्हा बसमधले बहुतेक प्रवासी झोपेत होते. महामार्गाच्या कडेच्या पाट्यांवरची लिपी बदलते, एवढीच काय ती सीमेची खूण. उसाचे फड अलीकडेही तेच आणि पलीकडेही तेच, आणि निपाणीच्या थांब्यावर चहावाल्याने सुटे पैसे मागितले तेही मराठीतच. या रस्त्याने मी लहानपणापासून येत आलो आहे, कधी लग्नाला, कधी यात्रेला, दोनदा मयताला. या वेळी मात्र एक चित्र पाहण्यासाठी निघालो होतो. चित्र म्हणणेही बरोबर नाही, कारण बेळगावात शहापूरला राहणारी माझी मामेबहीण गेली दोन वर्षे जे करीत होती ते तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या मामीच्या, मते शिवणकाम होते, आणि तेही बिघडलेले.

शहापूर हा पूर्वी सांगली संस्थानचा भाग, बेळगावाला चिकटलेला आणि तरी वेगळा कारभार असलेला. इथून वडगावकडे निघालेल्या गल्ल्यांमध्ये अजूनही मागांचा खडखडाट ऐकू येतो. मामाच्या घराचा माळा, जिथे एके काळी भुईमुगाच्या शेंगांची पोती असत, तो आता तिची कामाची जागा झाला आहे. वर चढलो तर जमिनीवर एक भलीमोठी वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, पसरलेली, तिच्याभोवती उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यांमध्ये लावून ठेवलेली दोऱ्यांची रिळे, आणि एका पत्र्याच्या डब्यात आमच्या आजोबांची पत्रे.

आजोबा खानापूर तालुक्यातल्या एका गावातून १९५२ साली मुंबईला गेले. त्या काळी इकडची रेल्वे मीटरगेज होती, त्यामुळे पुण्याला उतरून मुंबईची गाडी धरावी लागे. परळच्या एका गिरणीत आधी बदलीवाला म्हणून आणि मग साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम, असे तीस वर्षे त्यांनी काढले. एका गाळ्यात गावकडचेच पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण खानावळीत. आज्जी गावीच राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पुढल्या वर्षी आजोबा वळकटी घेऊन परतले ते कायमचेच. त्यांच्या मुलांपैकी मामा बेळगावला आले, माझी आई लग्न होऊन मुंबईला गेली. आमच्या घराण्याची स्थलांतराची हकीकत एवढीच, आणि या भागातल्या शेकडो घरांची तीच. म्हणून ती कोणी सांगत नाही.

डब्यात पोस्टकार्डे आहेत आणि मनीऑर्डरची कुपने आहेत. ज्यांनी मनीऑर्डर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की त्या फॉर्मच्या तळाशी एक चिठोरा असे, त्यावर पाठवणाऱ्याने दोन-चार ओळी लिहायच्या, आणि पोस्टमन पैसे मोजून देताना तो चिठोरा फाडून घरच्यांच्या हाती ठेवीत असे. आज्जीने ही सगळी कुपने तारेत ओवून ठेवली होती. मधोमध गंजाचे भोक असलेल्या त्या कागदांवरचा मजकूर पाहिला तर निराशा होते. ‘३५ रुपये पाठविले आहेत. पैकी १० सोसायटीत भरणे. पावसाआधी कौले परतून घेणे. म्हैस विकू नये. बाकी खुशाल.’ तीस वर्षांत नवरा-बायकोचा म्हणावा असा एक शब्द नाही.

‘काय बघूलालास एवढं? अक्षर बघ,’ बहीण म्हणाली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की अक्षर एकाचे नाही. आजोबांना लिहिता येत नव्हते, हे मला ठाऊक होते, पण ठाऊक असणे वेगळे आणि पाहणे वेगळे. गाळ्यातला जो कोणी शिकलेला असेल त्याच्याकडून ते लिहून घेत. बहिणीने सगळे कागद ओळीने लावून चार वेगळी अक्षरे शोधून काढली आहेत: एक टपोरे आणि शाळकरी, एक तिरके, घाईचे, वेलांट्या न मिटणारे, एक बहुधा कारकुनी सवयीचे, आणि एक असे की ज्यात प्रत्येक ‘ख’ मोडून ‘रव’ झालेला आहे, त्यामुळे सात वर्षे आजोबा ‘रवुशाल’ होते. इकडे आज्जीलाही वाचता येत नव्हते; पोस्टमनच वाचून दाखवी, अंगणात, सासूसमोर. म्हणजे बोलणारा आणि ऐकणारी यांच्यामध्ये दर महिन्याला किमान दोन परके पुरुष उभे होते. म्हशीखेरीज दुसरे काही बोलणार तरी काय?

हे दोन परके पुरुष तिच्या कामात आहेत, आणि म्हणूनच मला ते काम मोलाचे वाटते. आज्जीची जुनी नऊवारी लुगडी थरावर थर घालून तिने वाकळ शिवली आहे, कुपनाएवढ्याच आकाराचे चौकोन पाडले आहेत, आणि प्रत्येक चौकोनात मूळ मजकूर कार्बन कागदाने उतरवून त्यावर धावदोरा घातला आहे. चार अक्षरांना चार रंग. चुकलेला ‘रव’ तसाच. दुरून पाहिले तर चार रंगांचे पट्टे दिसतात, आणि एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे गाळ्यातला एक लेखनिक गेला, मेला किंवा गावी परतला, एवढेच आपण समजायचे. काही चौकोन कोरे आहेत. ते का कोरे ठेवले हे मी विचारले नाही.

पोस्टकार्डांची ओळ सर्वांत खाली आहे आणि तिथे मजकूर नाही, फक्त पत्ते आहेत. गाव तेच, तालुका तोच, पण शेवटची ओळ बदलत जाते. सुरुवातीला दोन्ही टोके मुंबई राज्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि पुढच्या कार्डांवर ‘म्हैसूर राज्य’ आले. आज्जी अंगणातून हललीही नव्हती. १९६० मध्ये आजोबांकडच्या टोकाला महाराष्ट्र झाला. सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव शहर म्हैसुरात ठेवून निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे असे सुचवले, ते अमलात आले नाही, आणि कार्डांवर त्याची काहीच खूण नाही. १९७२ मध्ये पिनकोड आला आणि ‘मुंबई १२’ चे ‘४०० ०१२’ झाले. १९७३ नंतर ‘कर्नाटक’. आजोबा कामासाठी राज्य सोडून गेले असे आम्ही लहानपणी म्हणत असू. खरे म्हणजे ते गेले तेव्हा परराज्यात गेलेच नव्हते, परराज्य नंतर झाले. सीमाप्रश्नावर आमच्या घरी तावातावाने बोलले जाते, मीही बोलतो, पण या एका ओळीसमोर गप्प बसावेसे वाटले.

बेळगावला चित्रकलेची मोठी परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली इथे रवी परांजपे आणि जॉन फर्नांडिस यांच्यासारखे चित्रकार घडले. परांजपे तर पुढे नैरोबीलाही काम करून आले. या परंपरेचा कस निसर्गचित्रात आणि व्यक्तिचित्रात, रेषेच्या आणि रंगाच्या शिस्तीत. बहीणही त्याच वळणाच्या एका शिक्षकाकडे शिकली. ती सांगते, की दहा वर्षे तिने दुसऱ्यांच्या आजोबांचे पटके रंगवले, एकेका घडीवरचा उजेड पकडला, आणि स्वतःच्या आजोबांचे चित्र काढायला बसली तर घरात त्यांचा गटात उभा असलेला एकच अंधूक फोटो निघाला. चेहरा नाही म्हणून ती अक्षराकडे वळली.

तिच्या भिंतीवर दोन छापील चित्रे चिकटवलेली आहेत. एक झरीना हाश्मी यांच्या मुद्राचित्राचे. अलीगढला १९३७ मध्ये जन्मलेल्या या चित्रकर्तीची बहीण फाळणीनंतर कराचीला गेली. तिने उर्दूत लिहिलेली, पण कधी टपालात न टाकलेली पत्रे झरीनांच्या हाती आली, आणि त्या ओळींवर त्यांनी घरांचे आराखडे व शहरांचे नकाशे छापले. दुसरे जेकब लॉरेन्स या अमेरिकी चित्रकाराचे. अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांवर त्याने १९४०-४१ मध्ये साठ चित्रांची मालिका काढली. तो स्वतः अशाच स्थलांतरितांचा मुलगा. त्या मालिकेची वाटणी झाली आहे, विषम क्रमांकांची चित्रे वॉशिंग्टनला आणि सम क्रमांकांची न्यूयॉर्कला. ‘वाटण्या फक्त आमच्यातच होतात असं नाही,’ असे म्हणून ती हसली.

मामी चहा घेऊन वर आली आणि दारातच थांबली. ‘सासूबाईंची लुगडी भिंतीला टांगायला ठेवली होती होय मी? अंगावर घ्यायची वस्तू ती.’ याला उत्तर देणे कठीण आहे. जुनी ट्रंक किंवा कंदील मांडून खाली ‘स्मृती’ अशी चिठ्ठी लावलेली प्रदर्शने मी बरीच पाहिली आहेत आणि मामीच्या बाजूने मनातल्या मनात मतही दिले आहे. इथे मात्र मामी बोलता बोलता वाकली आणि वाकळीच्या एका सैल टाक्यात सुई घालून तो आवळून गेली.

दुसऱ्या दिवशी खानापूरला उतरलो. मलप्रभेच्या काठच्या या गावाची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी नावाजलेली आहे, कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही इथे आहे. बहिणीचा एक मित्र इथे भाजक्या मातीच्या फरश्या करतो. त्याची आजी पोर्तुगीज गोव्यातून लग्न होऊन इकडे आली. तेव्हा कॅसलरॉक हे सरहद्दीचे स्थानक होते, तिथे सामानाची झडती होई. १९५५ मध्ये भारताने गोव्याशी रेल्वे वाहतूक बंद केली आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिला माहेरी जाता आले नाही. झडतीच्या टेबलावर तिच्या ट्रंकेतून काय काय निघाले ते ती शेवटपर्यंत क्रमाने सांगत असे, आणि त्याच क्रमाने त्याने खण, फणी, उलथणे, देवाचा टाक असे सगळे ओल्या मातीत दाबून ठसे घेतले आहेत. कल्पना चांगली आहे, पण ठसे फारच नीटनेटके आले आहेत. झडती घेणारा माणूस वस्तू अशा मांडून ठेवीत नसणार.

दुपारी आम्ही हल्याळच्या दिशेने जंगलाच्या कडेने गेलो. या पट्ट्यात सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून घाट चढून रानात निसटलेल्या माणसांचे अनेक वंशज या भागात आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. आमची वाकळ आणि ही कवंदी यांत एक मूलभूत फरक मी पहिल्यांदाच नीट पाहिला. आमच्याकडे थर अंथरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर धावदोरे घालतात. कवंदी कडेने सुरू होते; एका कोपऱ्यातून शिवत चारी बाजू फिरायच्या, मग आतली फेरी, मग आणखी आतली, चिंध्यांच्या कडा दुमडत आणि एकीवर दुसरी चढवत, आणि शेवटी मधोमध येऊन थांबायचे. सर्वांत शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोण, त्यांना फुले म्हणतात.

पडवीत बसून शिवणाऱ्या एका बाईंशी आम्ही बोललो. त्यांच्या कोकणीतले निम्मे मला कळत होते, निम्मे बहीण समजावून देत होती. आफ्रिकेबद्दल विचारायचे मी बसमध्येच ठरवले होते. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला आणि कवंदीतली एक निळी पट्टी दाखवून ती कोणत्या सुनेच्या परकराची, शेजारची चौकडी कोणाच्या शर्टाची, तो शर्टवाला आता गोव्यात हॉटेलात कामाला आहे आणि दिवाळीला येईल, असे सांगत गेल्या. फुले लावली नाहीत तर काय होते, असे बहिणीने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की फुलांवाचून कवंदी उघडी दिसते. मी पुन्हा आफ्रिकेकडे वळलो नाही. इतक्या दुरून आलेल्या माणसाने पडवीवर बसल्या बसल्या असा प्रश्न विचारणे हेच उद्धटपणाचे होते, हे उशिरा सुचले.

परतीच्या बसमध्ये मला आठवण झाली ती पोचेची. मनीऑर्डरचे पैसे मिळाल्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन एक पोच पाठवणाऱ्याकडे परत जात असे. कुपने गावी राहिली, पण पोच मुंबईला गेली असणार, आजोबांकडे. निपाणीहून आईला फोन केला. तिने आधी ‘कसली पोच?’ विचारले आणि मग म्हणाली, की आजोबांच्या जुन्या तपकिरीच्या डबीखाली काही कागद आहेत खरे.

अकरा निघाल्या. बाकीच्या गाळा सोडताना गेल्या असाव्यात. प्रत्येकीवर जांभळ्या शाईत आज्जीचा डावा अंगठा आहे. काही ठिकाणी रेषा स्पष्ट उमटल्या आहेत, काही ठिकाणी शाई जास्त होऊन नुसता डाग, आणि एका पोचेवर अंगठा ओढला गेला आहे, जणू कोणी मागून हाक मारली आणि तिने घाईने हात काढून घेतला. तीस वर्षांच्या त्या सगळ्या कागदांमध्ये त्या दोघांच्या स्वतःच्या हाताचे एवढेच.

फोटो पाठवल्यावर बहिणीने एका ओळीत उत्तर दिले, की फोटो नकोत, मूळ कागद पाठव आणि पाचव्या रंगाचा दोरा मी आणला आहे. पाकीट घेऊन मी पोस्टात गेलो. तिचे नाव लिहिले, गल्ली लिहिली, शहापूर लिहिले. मग बेळगाव की बेळगावी, एवढ्यावर पेन अडकले, आणि मागची रांग खाकरू लागली. शेवटी ती जागा तशीच सोडून पिनकोड मोठ्या आकड्यांत लिहिला, ५९० ००३, आणि खिडकीतून पाकीट आत सरकवले. आतल्या बाईंनी ते पाहिले, चष्मा वर केला आणि मोकळ्या जागेत स्वतःच्या अक्षरात शहराचे नाव भरून टाकले.