दोन केबीचे फोल्डर

नोव्हेंबरात बाबांचा फोन आला, अगं माझ्या पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर दोन केबीचे झालेत. आता बाबा रिटायर्ड बँकवाले त्यामुळे आकडा बरोबर दिसला त्यांना, दुसऱ्या कुणी नुसतं "कॉम्प्युटर बिघडलाय" म्हटलं असतं. म्हटलं फोटो पाठवा. फोटोत प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण. शॉर्टकट व्हायरस. मला वाटलं होतं कॉलेजसोबत हा प्रकार मागे पडला, पण नाही, झेरॉक्सच्या दुकानात तो अजून मजेत राहतोय.

झालं असं की हयातीच्या दाखल्यासाठी कसलेतरी कागद प्रिंट करायला बाबा चौकातल्या दुकानात गेले, तिथल्या मशीनला पेनड्राइव्ह लावला, घरी येऊन आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि "लग्नाचे फोटो"वर डबल क्लिक केलं. फोटो उघडले! म्हणून तर काही कळलं नाही. त्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितलं की टार्गेटमध्ये लांबलचक ओळ दिसते, आधी एक स्क्रिप्ट (म्हणजे छोटा प्रोग्राम) चालवा आणि मग खरं फोल्डर उघडा अशा अर्थाची. म्हणजे चोर घरात शिरतो आणि वर तुम्हाला पाणीही आणून देतो.

दुकानवाल्याने सांगितलं फॉरमॅट करावं लागेल, डेटा गेला. हे ऐकून आई रडकुंडीला, कारण त्यात माझ्या आजीचे फोटो होते. खरं तर डेटा कुठेही गेलेला नसतो, तो फक्त लपवलेला असतो, हिडन आणि सिस्टिम अशा दोन खुणा लावून. म्हणून मी फोनवर एवढंच सांगितलं की वायफाय बंद करा, कॉम्प्युटर बंद करा आणि कृपा करून काही फॉरमॅट करू नका, मी शनिवारी येते.

शनिवारी पहिली चूक मीच केली. सगळे शॉर्टकट सिलेक्ट करून डिलीट मारले. एका मिनिटात परत हजर. मग डोकं चाललं की हे पेनड्राइव्हवर बसलेलं नाहीये, कॉम्प्युटरमधलं कुणीतरी परत परत लिहितंय. टास्क मॅनेजर उघडला तर खाली "मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट" चालू. नाव वाचून माणूस हात लावायला घाबरतो, आणि तो प्रोग्राम खरोखर विंडोजचाच आहे, त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून दुसरंच कुणीतरी गोळी मारतं. तो बंद केला, स्टार्टअप फोल्डरमधून एक वेड्यावाकड्या नावाची फाइल उडवली, चहा प्यायला गेले, आले तर परत चालू. मग सिसइंटरनल्सचं ऑटोरन्स माझ्या लॅपटॉपवरून आणलं (मार्क रुसिनोविच आणि मंडळींनी बनवलेलं, २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहे, फुकट आहे), त्यात कॉम्प्युटर चालू झाल्यावर आपोआप काय काय उठतं त्याची सगळी यादी दिसते. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये दुसरी नोंद बसलेली, दर काही मिनिटांनी उठणारी. दोन्ही नोंदी काढल्या, ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरातली मूळ स्क्रिप्ट काढली, तेव्हा कुठे शांत झालं.

पण मला पडलेला खरा प्रश्न वेगळाच होता. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, काय झोपला होता का? हिरवी टिकली तर व्यवस्थित दिसत होती. हिस्टरी बघितली तर बिचारा पेनड्राइव्हवरच्या फाइली पकडत होता, पुन्हा पुन्हा, पण सी ड्राइव्हबद्दल एक अक्षर नाही. एक्स्क्लूजन्सची, म्हणजे "इथे तपासू नकोस" अशा जागांची, यादी उघडली आणि हसावं की रडावं कळेना, त्यात अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला! म्हणजे वॉचमन ठेवलाय पण त्याला सांगितलंय की बिल्डिंगकडे बघायचं नाही, फक्त गेटबाहेरच्या सायकली तपास. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याला फोन लावला तर म्हणाला, "ताई, विंडोज ॲक्टिव्हेट करायला ते टाकावंच लागतं, नाहीतर डिफेंडर ॲक्टिव्हेटर उडवतो." ॲक्टिव्हेटर म्हणजे पैसे न भरता विंडोज चालवायचं चोरटं टूल, आणि किती शांतपणे सांगितलं! तुमच्याकडे असा असेंबल केलेला कॉम्प्युटर असेल तर बाकी काही करू नका पण ही यादी आज उघडून बघा.

एक्स्क्लूजन काढलं, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासणी होते, पंधरा-वीस मिनिटं लागली. ॲक्टिव्हेटरही गेला, आणखी एक ॲडवेअर, म्हणजे जाहिराती मारणारा प्रोग्राम, निघालं. ब्राउझरमध्ये "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" असं खालच्या कोपऱ्यात सारखं यायचं तो मात्र व्हायरस नव्हताच, बाबांनी कुठल्यातरी पंचांगाच्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली. सेटिंगमध्ये जाऊन ती काढली, विषय संपला.

मग पेनड्राइव्ह. कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब ही कमांड, पुढे पेनड्राइव्हचं अक्षर, मायनस एच, मायनस आर, मायनस एस, आणि आतल्या फोल्डरांसाठी स्लॅश एस स्लॅश डी. अक्षर दोनदा तपासा, ही कमांड चुकून सी वर चालवू नका, विंडोज स्वतःच्या फाइली मुद्दाम लपवून ठेवतं. एंटर मारल्यावर एक नाव नसलेलं फोल्डर उगवलं, नाव म्हणजे नुसती मोकळी जागा, आणि त्यात सगळं जसंच्या तसं. आजी नऊवारीत, हातात आंब्याची पाटी. आई स्क्रीनजवळ जाऊन बघत बसली. ते फोटो माझ्या लॅपटॉपवर घेतले आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, आता करायला हरकत नव्हती.

बँकेचा आणि मेलचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला, पण बाबांच्या मोबाइलवरून, त्या कॉम्प्युटरवरून नाही. स्क्रिप्टने काही चोरलं का हे मला कळण्यासारखं नव्हतं त्यामुळे चोरलंच असं धरून चालले. आणि सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून चालू, तिथे फुकट टूल्स मिळतात, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं यूएसबी प्रतिरोध तर खास पेनड्राइव्हसाठी. नाव भारी आहे.

झेरॉक्सवाल्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे रोजच येतो हो तो. आता बाबा प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात.

एकच राहिलंय. ॲक्टिव्हेटर गेल्यापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" असं पुसट लिहून येतं. खरं लायसन्स घ्यायचंय, पण मशीन इतकं जुनं की त्यावर पैसे घालावेत का नवीनच घ्यावं यावर आमच्यात एकमत नाही. बाबांच्या मते तो व्हायरस आहे आणि मी काढायचा विसरले. दर रविवारी फोनवर विचारतात, "तो कोपऱ्यातला कधी काढणार?"