माझा अनुभव : जुने व्हिडिओ फॉरमॅट आणि परदेशातल्या लोकांशी अदलाबदल

बंद पडलेले व्हिडिओ फॉरमॅट, म्हणजे आता निघत नसलेल्या व्हिडिओ कॅसेट आणि डिस्कचे प्रकार, जमवायचा नाद लागला की थोड्याच दिवसात एक गोष्ट कळते, आपल्याला जे हवंय ते आपल्या आसपास मिळणारच नाही, कारण यातलं बरंचसं जगभर कधी विकलंच गेलं नाही. फिलिप्स आणि ग्रुंडिगची व्हिडिओ २००० ही कॅसेट आली १९७९ ला, पण चालली मुख्यतः युरोपात. आरसीएची सीईडी, म्हणजे चक्क सुईने वाजणारी व्हिडिओ डिस्क, १९८१ ला अमेरिकेत आली. जेव्हीसीची व्हीएचडी, तीही व्हिडिओ डिस्कच, १९८३ ला जपानमध्ये आली आणि घरगुती वापरात तिथेच राहिली. त्यामुळे गंमत अशी की जिथे विकला गेला तिथे तो फॉरमॅट माळ्यावरची अडगळ असतो आणि तिसऱ्याच देशातला कुणीतरी त्याच्यासाठी जीव टाकत असतो. अदलाबदल जमते ती यामुळेच, पैशाचा हिशोब कुणी फारसा करत नाही, तुझ्याकडची अडगळ मला दे माझ्याकडची तू घे.

माझ्याकडे पाल सिस्टीमच्या (पाल आणि एनटीएससी या टीव्ही सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती) बीटामॅक्स आणि व्हीएचएस या दोन प्रकारच्या व्हिडिओ कॅसेट जादा होत्या, सुरुवात त्यांच्यावर केली. समोरचा अमेरिका किंवा जपानचा असेल तर आधी विचारायचं, बाबा रे पाल चालेल का तुझ्याकडे? तिकडची मशीन एनटीएससीची, त्यावर पालची कॅसेट घातली की चित्र धड दिसत नाही. काहींना फरक पडत नाही, त्यांना फक्त बॉक्स आणि वरचं छापील कव्हर शेल्फवर हवं असतं, पण विचारलेलं बरं. लेझरडिस्कचं, म्हणजे लेझरने वाचली जाणारी मोठी व्हिडिओ डिस्क, त्या मानाने सोपं, तिथे डीव्हीडीसारखी रिजन कोडची, म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर न चालण्याची भानगड नाही, पाल की एनटीएससी एवढंच बघायचं.

खरा वेळ जातो तो माल कसा आहे हे एकमेकांना पटवण्यात. कॅसेटचं ठीक आहे, व्हीएचएसच्या बाजूचं छोटं बटण दाबून पुढचं झाकण उचललं की आतली टेप दिसते, चुरगळलीय का ते कळतं, आणि खिडकीतून रिळावर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी समजायची आणि ती कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटनाही लागण होते. हे सगळं फोटोत दाखवता येतं. पण लेझरडिस्कचा फोटो म्हणजे काहीच नाही. दोन पातळ चकत्या एकमेकींवर चिकटवून ती केलेली असते, आतला ॲल्युमिनियमचा थर हवा लागून खराब होत जातो, त्याला लेझर रॉट म्हणतात, आणि बाहेरून डिस्क आरशासारखी चकचकीत दिसत असली तरी चालवल्यावर पडद्यावर रंगीत ठिपके उडायला लागतात. म्हणून मी सरळ सांगतो, दोन्ही बाजूंची चालू असतानाची क्लिप पाठव, त्यातही अंधाराचा सीन, कारण ठिपके काळ्यावरच नीट दिसतात, आणि एक बाजू साफ तर दुसरी खराब असंही होतं. जो क्लिप द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याशी मी पुढे बोलतच नाही, मग यादी कितीही भारी असो. मीही न विचारता क्लिप पाठवतो, आणि माझ्या मते दुर्मिळ माल असण्यापेक्षा यानेच जास्त दारं उघडली.

पॅकिंगबद्दल प्रत्येकाचं वेगळं शास्त्र असतं. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून पाठवायची, म्हणजे सगळी टेप एकाच रिळावर घट्ट राहते. लेझरडिस्क आतल्या पाकिटासकट कव्हरच्या बाहेर काढून शेजारी ठेवायची, नाहीतर खोकं आपटलं की ३० सेंटीमीटरची ती जड डिस्क कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. सीईडीला हे अजिबात करायचं नाही, ती तिच्या प्लास्टिकच्या केसमध्येच राहिली पाहिजे, हात लागला की संपलं. दमटपणासाठी एक सिलिका जेलची पुडी.

कस्टम्सच्या फॉर्मवर मी वापरलेल्या व्हिडिओ कॅसेट असं स्पष्ट लिहितो आणि वाजवी किंमत टाकतो. बरेच जण म्हणतात गिफ्ट लिही ना, कशाला ड्युटी भरायची. पण बदल्यात काहीतरी घेतोय म्हणजे ते गिफ्ट नाहीच, शिवाय पार्सल हरवलं तर किंमत शून्य लिहून भरपाई कसली मागणार. आधी कोण पाठवणार यावर मात्र नेहमी खेचाखेची होते. नवा माणूस आधी पाठवतो असा साधारण रिवाज आहे, ओळख झाली की दोघं एकाच दिवशी पाठवून ट्रॅकिंग नंबर टाकतो.

पार्सल आलं की लगेच कॅसेट लावायची नाही, एक दिवस खोलीत तशीच पडू द्यायची, बाहेरच्या गारठ्यातून आली असेल तर आत ओल धरलेली असते. हे फार जड जातं हो!

अडतं ते मशीनपाशी. कॅसेट पोस्टाने येते, प्लेअर कसा येणार? जपानमधला १०० व्होल्टचा, त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, वजन एवढं की पाठवायचा खर्च मालापेक्षा जास्त, आणि आतले रबरी पट्टे बहुतेक वेळा सैल पडलेले नाहीतर विरघळून चिकट झालेले. माझ्याकडच्या व्हीएचडी डिस्क मी अजून चाललेल्या बघितल्याच नाहीत. व्हिडिओ २००० च्या कॅसेट, त्या ऑडिओ कॅसेटसारख्या उलटवून दोन्ही बाजूंनी चालतात, मला एका जर्मन माणसाने पाठवल्या, त्याच्याकडे मशीनही दोन आहेत. एक फुकट ने म्हणतो, फक्त येऊन उचलून घेऊन जा.